काचेच्या पेटीतील उष्णतामान

घरी मासे पाळणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार नेहमी ऐकू येते. पाणी गढूळ होते तोवर मासे जगले आणि स्वच्छ पाणी घातल्याबरोबर मेले! रविवारी सकाळी पेटी घासूनपुसून लख्ख करावी, वाळू धुवावी, काठोकाठ नवे पाणी भरावे, आणि सोमवारी शाळेला निघताना मुलांनी पाहावे तो दोन मासे पोट वर करून तरंगत आहेत, असा हा प्रकार. मग कोणी खाद्याला दोष देतो, कोणी मासे विकणाऱ्याला. नळाच्या पाण्यातील औषधाचाही संशय येतो, आणि तो पुष्कळदा खरा असतो. परंतु ज्या बादलीने पाणी ओतले त्या बादलीतील पाण्याचे उष्णतामान किती होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

मासा शीतरक्ताचा प्राणी आहे असे शालेय पुस्तकात लिहिलेले असते. त्याचा अर्थ त्याचे रक्त थंड असते असा नव्हे. भोवतालच्या पाण्याचे जे उष्णतामान तेच माशाच्या शरीराचे, एवढाच त्याचा अर्थ. मनुष्य पौषात शाल पांघरतो, वैशाखात माठातील पाणी पितो आणि या साऱ्या काळात त्याच्या शरीराची उष्णता जवळजवळ एकाच अंशावर राहते. माशाला ही सोय नाही. त्याच्या कल्ल्यांतून रक्त आणि पाणी एका नाजूक पडद्याच्या अंतराने वाहत असतात. त्यामुळे पाणी पाच अंशांनी गार झाले की मासाही थोड्याच वेळात पाच अंशांनी गार होतो. त्याचे पचन, त्याचा श्वास, त्याच्या हृदयाचे ठोके, सारे त्या नव्या अंशाबरोबर मंदावते किंवा धावू लागते.

नदीतील माशाला निदान जागा बदलता येते. रामाकोन्याच्या परिसरातील कन्हान नदी उन्हाळ्यात ठिकठिकाणी आटते, उथळ पाणी दुपारी हाताला कोमट लागते. त्या वेळी मासळी डोहाच्या तळाशी जाऊन राहते आणि ऊन उतरल्यावर वर येते. शिवाय नदीचा साठा मोठा असतो, आणि पाणी तापण्यास व निवण्यास फार वेळ घेते. दोन फूट लांबीच्या काचेच्या पेटीत मात्र जेमतेम ४५ लिटर पाणी मावते. तेथे डोह नाही, सावलीचा काठ नाही. पेटीत जो ऋतू येईल तो माशाला सोसावाच लागतो, आणि तो ऋतू आणणारा हात घरातील माणसाचा असतो.

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या भागात (२०२३ सालापासून हा भाग पांढुर्णा जिल्ह्यात आहे) हा प्रश्न मुंबईपेक्षा अधिक बिकट आहे. मुंबईला समुद्रामुळे हवा फारशी टोकाला जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पलीकडे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या खालीही उतरतो. येथील घरात पाणीही एक प्रकारचे नसते. गच्चीवरील काळ्या टाकीचे पाणी मे महिन्याच्या दुपारी हात पोळेल इतके तापते आणि पौषातील पहाटे बोटे बधिर करते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी याच्या अगदी उलट वागते. जमिनीखाली थोडे खोल गेले की उन्हाळा-हिवाळा जाणवत नाही. तेथील पाण्याचे उष्णतामान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ, म्हणजे या भागात साधारण २६-२७ अंशांवर असते. थंडीत विहिरीचे पाणी ऊन लागते आणि उन्हाळ्यात गार लागते. बदललेली असते ती हवा, पाणी होते तेथेच असते. माठातील पाणी आणखी निराळे. त्याच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि कोरड्या हवेत ते भोवतालापेक्षा कितीतरी अंशांनी थंड होते. माशांना उकडत असेल म्हणून दयेपोटी माठातील तांब्याभर पाणी पेटीत ओतणारी माणसे आहेत. त्यांच्या दयेबद्दल शंका नाही.

थोडा हिशेब करून पाहू. पेटीत ४५ लिटर पाणी असून विजेच्या तापकाने ते २६ अंशांवर ठेवले आहे. थंडीतील सकाळी त्यातील १० लिटर काढून गच्चीच्या टाकीतील १४ अंशांचे १० लिटर पाणी घातले, तर सारे मिळून पाणी २३ अंशांच्या किंचित वर येऊन स्थिरावते. पावणेतीन अंशांची ही घट सुदृढ मासा बहुधा सोसून नेतो. पण उत्साहाने अर्धी पेटी रिकामी करून भरली, तर पाणी थेट २० अंशांवर येते. आता मे महिना घ्या. पेटीतील पाणी ३१ अंश, टाकीतील ४२. दहा लिटर बदलले तर साडेतेहेतीसच्या आसपास. अर्धे बदलले तर साडेछत्तीस. या हिशेबात पाण्याच्या स्वच्छतेला कोठेही स्थान नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाणी गंगोत्रीचे असले तरी उत्तर तेच येईल.

ऊन पाण्याचा आणखी एक दोष असा की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ३६ अंशांच्या पुढे सातच्याही खाली जातो. माशाची गरज मात्र उलट दिशेने जाते. १० अंशांनी उष्णतामान वाढले की त्याच्या शरीराचा प्राणवायूचा खर्च साधारण दुप्पट होतो. कमाई घटली आणि खर्च दुप्पट झाला, की जे कोणत्याही संसाराचे होते तेच माशाचे होते. तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि घरचे लोक समजतात, त्याला भूक लागली आहे! खाद्य टाकले जाते, ते कुजते, अमोनिया वाढतो. आणि उष्ण पाण्यात त्याच अमोनियाचा अधिक विषारी अंश तयार होतो.

येथे कोणी म्हणेल, मासे तर काश्मीरच्या ओढ्यातही राहतात आणि विदर्भाच्या तळ्यातही. मग पाच-सहा अंशांचे एवढे काय? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर कॅनडातील फ्राय नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह गोल्डफिशवर केलेल्या प्रयोगांत मिळते. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की मासा किती ऊन आणि किती गार पाणी सोसेल, हे तो आधी कोणत्या पाण्यात राहत होता यावर अवलंबून असते. ऊन पाण्याला सरावलेला मासा अधिक उष्णता सोसतो. परंतु जे गार पाणी थंडीला सरावलेला त्याचाच भाऊ सुखाने सोसतो, त्या पाण्यात तो मरतो. म्हणजे २० अंशांचे पाणी चांगले की वाईट, या प्रश्नाला स्वतंत्र उत्तरच नाही. मासा कोठून आला आणि किती वेळात आला, हे विचारले पाहिजे. उष्णतेचा सराव माशाला त्या मानाने लवकर होतो, थंडीचा सराव होण्यास अधिक दिवस लागतात. त्यामुळे अचानक गार पाणी हा दोहोंतला अधिक मोठा धोका.

सौंसर भागातील संत्र्याच्या बागाइतदाराला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. बहरासाठी ताण दिलेल्या झाडाला पहिले पाणी तो हलकेच देतो. एकदम भरपूर पाणी तो सोडीत नाही.

अचानक गारठलेला मासा लगेच मरतोच असे नाही आणि त्यामुळेच खरे कारण लपून राहते. त्याची रोगाशी झगडण्याची शक्ती क्षीण होते. मग चार-सहा दिवसांनी परांवर आणि अंगावर साखरेचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. एका सूक्ष्म परोपजीवी जीवाचा हा रोग मासे पाळणाऱ्यांना सर्वत्र परिचयाचा आहे. औषधे येतात, निळे-हिरवे थेंब पाण्यात पडतात, आणि गेल्या रविवारची गार बादली सर्वजण विसरलेले असतात.

उष्णतामान हाताने ओळखता येते असा पुष्कळांचा समज असतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते की, एक हात गार आणि एक हात ऊन असताना दोन्ही हात एकाच पाण्यात घातले, तर एकाला ते ऊन लागते आणि दुसऱ्याला गार. थंडीत भांडी विसळून आलेल्या हाताला २० अंशांचे पाणी कोमट वाटेल. चुलीपासून उठलेल्या हाताला २८ अंशांचेही गार वाटेल. म्हणून काचेचा साधा उष्णतामापक हवाच. त्याची किंमत एका बऱ्या माशाच्या किमतीहून फारशी अधिक नसते. तो आधी पेटीत, मग बादलीत धरावा आणि दोहोंत दोन अंशांपेक्षा अधिक अंतर असेल तर बादली तशीच थांबवावी.

थांबवावी, हाच या साऱ्यावरचा सोपा उपाय आहे. पाणी बदलावयाच्या आदल्या संध्याकाळी बादली भरून ती पेटीच्याच खोलीत, उन्हापासून व कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. रात्रभरात खोली दोन्ही पाण्यांना एकमेकांजवळ आणते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही या अवधीत बरेचसे उडून जाते. क्लोरामाइन वापरलेल्या ठिकाणी मात्र केवळ ठेवण्याने भागत नाही, त्यास वेगळे द्रव्य घालावे लागते. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा ते वरून धार धरून दोन-चार वेळा उलटसुलट ओतावे. पेटीत तापक असेल तर बादलीतील पाणी सकाळी थोडे कमीच भरेल. त्यात कढत पाणी मिसळून अंश जुळवावे, पण हे मिसळणे बादलीत व्हावे, पेटीत नव्हे. मग पेटीतील एक चतुर्थांश पाणी नळीने काढून नवे पाणी बारीक धारेने सोडावे. सगळे पाणी एकदम फेकून देण्याची रीत तर सर्वस्वी टाकाऊ आहे. वाळूत आणि गाळणीत वस्ती केलेले उपयुक्त जिवाणू अमोनियाचा निचरा करीत असतात. ती वस्ती नळाखाली धुऊन काढली म्हणजे पेटी दिसते स्वच्छ, पण राहण्यास अयोग्य होते.

तापक पाणी काढण्यापूर्वी पंधरा मिनिटे बंद करावा. पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होते हे जुन्या माणसांना माहीत आहे. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या तापकाच्या नळीचे तेच होते, आणि येथे आत वीज असते.

नागपूरहून सावनेर-सौंसर मार्गाने प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे आणणाऱ्यांनीही घाई करू नये. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, नंतर तोंड उघडून वाटी-वाटीने पेटीतील पाणी तीत घालावे आणि मासे जाळीने अलगद सोडावेत.

एक अपवादही सांगण्यासारखा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरस नावाच्या लहान माशांची अंडी घ्यावयाची असली तर जाणते लोक मुद्दाम दोन-तीन अंश गार पाणी घालतात. त्या माशांना तो पहिल्या पावसाचा निरोप वाटतो आणि ते अंडी घालू लागतात. आपल्याकडे मृगाच्या पुरात चढणीला लागणाऱ्या मासळीलाही पाणी असाच काही निरोप देत असते.

चूक होऊन गार पाणी पडलेच, तर घाबरून लगेच कढत पाणी ओतू नये. तो दुसरा आघात होतो. दिवा मालवावा, हवेचा पंप चालू ठेवावा, दिवसभर खाद्य देऊ नये आणि खोलीच्या उष्णतेने किंवा तापकाने पाणी काही तासांत हळूहळू मूळ अंशावर येऊ द्यावे. उन्हाळ्यात पेटी फार तापली तर झाकण काढून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठाचाच नियम येथे कामी येतो आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र अशा वाऱ्याने पाणी झपाट्याने उडते, क्षार तेवढे मागे राहतात. ती तूट रोजच्या रोज, त्याच खोलीत ठेवलेल्या बादलीतून भरावी, आणि आठवड्याचे पाणी बदलणे त्यावाचून वेगळे चालू ठेवावे.