सोक्कुराम बघितलं, पण पांडवलेणी?

आजचा भाग म्हणजे माझा कबुलीजबाब आहे.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी कोरियाला गेलो होतो. एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून सोलहून ट्रेन पकडून थेट ग्योंगजूला. ही शिल्ला राज्याची जुनी राजधानी. तिथल्या तोहामसान डोंगरावर सोक्कुराम आहे. काम सुरू झालं ७५१ साली, आत साधारण साडेतीन मीटर उंचीचा बसलेला बुद्ध.

मला वाटलं, लेणं बघायला चाललोय. पण ते खोदलेलं नाहीच! तिथला ग्रॅनाइट फार कठीण. म्हणून कारागिरांनी दगड घडवले, एकमेकांत बसवून घुमट रचला आणि वरून माती टाकली. म्हणजे अख्खं लेणं जोडून बनवलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी राजवटीत दुरुस्ती करताना काँक्रीट वापरलं आणि आत ओल धरायला लागली. आता काचेबाहेरूनच बघायचं. फोटोही काढू देत नाहीत.

सोबतचा कोरियन सहकारी म्हणाला, "लेण्यांची कल्पना मुळात तुमच्या भारतातली. तुझ्या गावाजवळ आहे का एखादं?"

"आहे ना! पांडवलेणी."

"कोणी कोरली?"

'पांडवांनी' म्हणणारच होतो, जीभ चावली. ओझरहून तासाभरावर असलेल्या जागेबद्दल मला काहीच सांगता येईना. मुंबईला जाताना शंभरदा बसमधून तो डोंगर बघितलाय.

परत आलो आणि पहिल्याच रविवारी आईला घेऊन पायऱ्या चढलो. एकूण २४ लेणी, बेसॉल्टचा डोंगर पोखरून काढलेली. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं. त्यात आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक आहे. त्याने क्षहरातांचं कूळ निपटून काढलं, असंही लिहिलंय. आणि थोडं पुढे गेलं की दहा नंबरचं लेणं त्याच क्षहरात नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं! हरलेल्यांचाही लेख तिथे अजून शाबूत आहे.

आई त्या ब्राह्मी अक्षरांकडे बघत म्हणाली, "म्हणजे हे एका आईने लिहून घेतलंय?"

त्या लेखाचा फोटो मी सहकाऱ्याला पाठवला. त्याचा लगेच मेसेज, "काय लिहिलंय?"

या वेळी मी चांगला लांबलचक रिप्लाय टाइप केला.

तुमच्या गावाजवळ काय आहे, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!