अडखळत का होईना, माझंच वाक्य

(दहावी 1994 तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'स्वतःबद्दलच्या शंकेवर मात' या विषयावर मी बोलणार असं संयोजकांनी ग्रुपवर टाकलं, तेव्हा लगेच एकाने विचारलं, "हा बोलणार?" प्रश्न रास्त आहे. तुम्हा सगळ्यांना मी तोतरा मुलगा म्हणूनच आठवतो. मी आजही अडखळतो. मध्येच थांबलो तर माईक बिघडला असं समजू नका.

हजेरीच्या वेळी 'हजर'मधला 'ह' माझ्या तोंडून निघायचा नाही, म्हणून मी नुसता हात वर करायचो. प्रार्थनेला आणि प्रतिज्ञेला मात्र माझा आवाज खणखणीत असायचा. त्यामुळे काही जणांना वाटायचं की हा वर्गात सोंग करतो. मलाही ते कोडंच होतं. सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना बहुतेक तोतऱ्या माणसांचं अडखळणं जवळजवळ थांबतं, हे मला फार उशिरा कळलं.

घरी आजीने मधात वेखंड उगाळून चाटवलं. शेजारच्यांचं म्हणणं होतं की भीती मोडली की जीभ सुटेल. पण तोतरेपणा भीतीमुळे होत नाही, की कुणाची नक्कल केल्यानेही होत नाही. बोलण्याच्या हालचालींचा मेळ मेंदू ज्या पद्धतीने बसवतो, त्यातला तो फरक आहे. काही घराण्यांत तो पुढच्या पिढीतही उतरतो. तो बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि बऱ्याच मुलांमध्ये आपोआप जातो. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाचा तो राहतो. म्हणजे आपल्या एवढ्या मोठ्या शाळेत मी एकटा नव्हतो. बाकीचे माझ्यासारखेच गप्प बसत असणार.

नोकरी लागल्यावर मी स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी मला जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक उपमा सांगितली. ते स्वतःही तोतरे होते. तोतरेपणा हिमनगासारखा असतो, असं ते म्हणत. लोकांना ऐकू येतं ते वरचं टोक. लाज, भीती आणि 'आपल्याला हे जमणार नाही' ही खात्री पाण्याखाली असते.

ते ऐकताना मला एस.टी.चा प्रवास आठवला. गावाचं नाव तोंडातून निघेना, की मी पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचो आणि आपल्या गावाला उतरायचो. फोन वाजला की बाहेर जायचो. शब्द टाळला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, पण पुढच्या वेळी तोच शब्द आणखी मोठा होऊन समोर येतो. बाईंनी मला उलटं करायला लावलं. अडणारा शब्द टाळायचा नाही, त्याची सुरुवात हलक्या आवाजात करायची आणि समोरच्याला आधीच सांगून टाकायचं, "मी अडखळतो, जरा वेळ द्या." हे शेवटचं वाक्य शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

मी कृषी सहाय्यक आहे. कापसाच्या पट्ट्यात माझं काम आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापसाचं काय केलं, ते तुमच्यापैकी शेती असलेल्यांना सांगायला नको. पुढच्या हंगामात गावोगाव शेतीशाळा लागल्या. 'ग' हे माझं नेहमीचं अडायचं ठिकाण, आणि अळीचं नावच गुलाबी! वरिष्ठ प्रेमाने म्हणाले, "तू सापळे लाव, बोलायचं दुसरा कुणीतरी बघेल." पण त्या गावातल्या शेतांत मी स्वतः फिरलो होतो. कुणाच्या बोंडात किती कीड आहे, ते मला माहीत होतं. म्हणून मीच बोलतो म्हणालो.

'गुलाबी' म्हणायला मला बराच वेळ लागला. मागच्या रांगेतले दोघे हसले. मग मी सांगितलं की हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, रोज पतंग मोजा, आणि सलग 3 दिवस एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले की उपाय सुरू करा. बाकीचे लोक वहीत आकडे लिहून घेत होते. त्यांना वक्ता नको होता, पीक वाचवायचं होतं. सभा संपल्यावर दोन शेतकरी मला बांधावर घेऊन गेले आणि बोंडं फोडून दाखवू लागले.

त्या दिवशी माझी शंका गेली नाही, आजही गेलेली नाही. या व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना ती बरोबरच होती. ती गेल्यावर बोलू म्हटलं असतं, तर मी अजून सापळेच लावत बसलो असतो. माझ्या कुवतीचं माप मी अस्खलित बोलण्यावरून काढत होतो, ते सोडून दिलं. जे मला माहीत आहे ते गरजवंतापर्यंत पोचलं का, एवढंच आता पाहतो.

शेवटी आपल्या गणिताच्या सरांबद्दल. ते मला कधी "सावकाश बोल" म्हणाले नाहीत. माझं वाक्य त्यांनी कधी स्वतः पुरं केलं नाही. खडू हातात धरून ते थांबायचे आणि माझं उत्तर चुकलं तर इतरांसारखंच मलाही रागवायचे. सर, त्या रागवण्याचं मोल मला आज कळतं.

तुमच्या घरात किंवा वर्गात असं एखादं मूल असेल, तर त्याच्या डोळ्यांत बघा, थांबा, आणि त्याचा शब्द त्यालाच म्हणू द्या. उपचार लवकर मिळाले तर चांगलं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करते आहे. तिथे जरूर चौकशी करा.

ठरलेल्या वेळेपेक्षा मी थोडा जास्त वेळ घेतला. तो मला हवाच होता, आणि तुम्ही तो दिलात.