रणगाड्यातला गोलंदाज

१९४१ साली सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या चिलखतानं जर्मनांना धडकी भरवली. पण त्याच्या बुरुजात माणसं दोनच. तोफ डागायची ती कमांडरनंच, मग आजूबाजूला पाहायचं कुणी? जर्मनांच्या पॅन्झर-३च्या बुरुजात तिघं बसत, कमांडरचे डोळे मोकळे राहत. १९४४मध्ये रणांगणावर आलेल्या टी-३४-८५मध्ये मग तिसऱ्यालाही जागा झाली.

संगणकावरच्या युद्धखेळांतही हाच हिशेब आहे. २००२च्या 'बॅटलफिल्ड १९४२'मध्ये एकच खेळाडू रणगाडा हाकतो आणि तोफही डागतो. एवढी ताकद एकाच्या हाती आली, की तिला आवर घालायला खेळ रचणाऱ्यानं चिलखत नाहीतर तोफ कमजोर करायची! २०२१ साली पूर्ण रूपात आलेल्या 'हेल लेट लूज'मध्ये ड्रायव्हर, कमांडर आणि गोलंदाज वेगळे. (तोफ डागणारा तो गोलंदाज, क्रिकेटनं हा शब्द आपल्याकडून पळवला.) जागा बदलत एकट्यानंही भागवता येतं, पण हाकता हाकता तोफ डागता येत नाही. पन्नासांच्या फौजेतले तिघं रणगाड्यात गुंतले, की पायदळात तिघं कमी. हा तोल मला अधिक पटतो.

माझा भाचा त्यात ड्रायव्हर. समोरच्या फटीतून दिसेल तेवढंच त्याचं जग. 'मागं घे' म्हणणारा कमांडर कुठल्या देशाचा, त्याला ठाऊक नाही. परवा तो आवाज मध्येच बंद पडला. मी ओरडलो, "अरे, घे ना मागं!"

भाचा म्हणाला, "मामू, मागं काय आहे ते त्यालाच दिसत होतं."