कुत्र्याचा दिवस किती तासांचा?

दिवाळीची तयारी सुरू असेल, चकलीच्या भाजणीचा वास घरभर असेल, आणि ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात तोही ठाण मांडून बसला असेल. आज त्याच्याबद्दल बोलू या. दोघांच्या नोकऱ्या, मुलांची शाळा, पोहण्याचा क्लास, शनिवारी तबला, रविवारी मराठी शाळा, आणि या सगळ्यात एक कुत्रा. त्याच्यासाठी वेळ काढायचा कुठून, असं आपल्यातले बरेच जण विचारत असतात.

आधी जरा मागे जाऊ. आपल्या लहानपणीचा कुत्रा आठवून बघा. वाड्याच्या नाहीतर सोसायटीच्या दारातला. मोती, वाघ्या, काळ्या. त्याला कुणी ‘वेळ देत’ नव्हतं. सकाळी एका घरची शिळी भाकरी, दुपारी दुसऱ्या घरचा दूधभात. अनोळखी माणसावर भुंकायचं, पेपरवाल्याला सोडून द्यायचं, उन्हात पसरायचं, कंटाळा आला की गल्लीच्या टोकाला जाऊन तिथल्या कुत्र्यांशी भांडून यायचं. त्याच्या आयुष्यात खरूज होती, गाड्या होत्या, मुलांचे दगडही होते. तेव्हा उगाच गोड आठवणी काढायला नकोत. पण त्याचा दिवस त्याचा स्वतःचा होता.

इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या आपल्या कुत्र्याला यातलं काहीही आपणहून करता येत नाही. तुम्ही दार उघडल्याशिवाय तो शूलासुद्धा जाऊ शकत नाही. एकटा रस्त्यावर सापडला तर काउन्सिल त्याला उचलून नेते, आणि सात दिवसांत मालक पुढे आला नाही तर त्याला दुसरं घर शोधलं जाऊ शकतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 चा अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्ट आहे. त्याप्रमाणे कुत्र्याला नुसतं खाणंपिणं आणि निवारा देऊन भागत नाही. त्याला कुत्र्यासारखं वागता येईल, अशी सोयही मालकाने करायची असते. हुंगणं, पळणं, चावणं, उकरणं, सोबत असणं, सगळं त्यात आलं. मोतीला हे फुकट मिळायचं. इथे ते आपण हातात आणून द्यायचं असतं.

आता हिशेब करू. समजा, तुम्ही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाता. सकाळी पावणेआठला घर सोडलं, ट्रेन पकडली, संध्याकाळी साडेसहाला परत आलात. मुलं शाळेतून आफ्टरस्कूल क्लबला जातात, तीही सहालाच येतात. म्हणजे कुत्रा दहा तासांहून जास्त वेळ एकटा. इथल्या मोठ्या प्राणिसंस्था साधारण चार तासांची मर्यादा सांगतात, तीही मोठ्या झालेल्या, एकटं राहायची सवय असलेल्या कुत्र्यासाठी. पिल्लाला तेवढंही झेपत नाही. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी कुत्रा आणला त्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. सुरुवातीला घरात दिवसभर माणसं होती, मग एक दिवस सगळे एकदम निघून गेले.

कधीकधी मोबाइल नाहीतर जुना टॅबलेट चालू करून घरी ठेवा आणि तुम्ही गेल्यावर पहिला अर्धा तास काय होतं ते रेकॉर्ड करा. कुत्रा वळसा घालून झोपला तर ठीक. पण तो दाराशी येरझाऱ्या घालत असेल, धापा टाकत असेल, केकाटत असेल, तर संध्याकाळी सोफा फाटलेला का दिसतो ते कळेल. ‘मुद्दाम करतो, आमच्यावर राग काढतो,’ असं आपण सहज म्हणून जातो. राग नसतो तो, घाबरलेला असतो.

मग वेळेचं काय? माझं मत असं, की आपण रविवारच्या दोन तासांवर फार भिस्त ठेवतो. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी सगळं कुटुंब मोठ्या पार्कात! ते छानच आहे, पण कुत्र्याला सोमवार कळतो, मंगळवार कळतो. रोजचे ठरलेले तुकडे त्याला जास्त मानवतात. सकाळी पंचवीस मिनिटं, दुपारी कुणीतरी येऊन नेणं, संध्याकाळी अर्धा तास, रात्री झोपायच्या आधी कोपऱ्यापर्यंत एक फेरी. आणि त्या पंचवीस मिनिटांत त्याला हुंगू द्या. आपण पट्टा ओढत ‘चल, चल’ करत राहतो, कारण आपल्या डोक्यात आपलं वॉक असतं. त्याच्यासाठी एकेक खांब म्हणजे सकाळचा पेपर आहे. मनसोक्त हुंगून आलेला कुत्रा, नुसता भराभर चालून आलेल्या कुत्र्यापेक्षा घरी शांत बसतो, हे तुम्ही आठवडाभर करून बघा. पाऊस फार असेल तर त्याचं कोरडं खाणं वाटीत न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा आणि त्याला शोधू द्या. तुमचा चहा होईपर्यंत त्याचं काम चालतं.

फोनबद्दल एक सांगायला हवं. आपल्यापैकी निम्मे लोक कुत्र्याला फिरवताना घरी आईला फोन लावतात. हिवाळ्यात इथे सकाळचे सात म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा. आईचा स्वयंपाक उरकलेला असतो, ती निवांत बोलते. दोन कामं एकात होतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त शेवटची दहा मिनिटं फोन खिशात ठेवा. त्या दहा मिनिटांत त्याला हाक मारून बोलवा, बसायला सांगा, थांबायला सांगा. गंमत म्हणजे पुष्कळ घरांत मराठी ऐकून लगेच हलणारा एकटा कुत्राच असतो, मुलं ‘व्हॉट?’ म्हणतात. पण दुपारी इंग्रज डॉग वॉकर येणार असेल तर ‘बस’, ‘थांब’ यांच्या जोडीला हाताच्या खुणाही शिकवून ठेवा, म्हणजे त्या माणसाची पंचाईत होणार नाही.

आता मुलांकडे येऊ. ‘आम्ही सगळं करू, प्रॉमिस,’ हे ऐकूनच कुत्रा आलेला असतो. करतातही, सहा आठवडे. मुलांना बोल लावू नका, नऊ वर्षांचं मूल अकरा वर्षांचं वचन देऊ शकत नाही. हट्ट करताना नऊचं असलेलं मूल अठराव्या वर्षी युनिव्हर्सिटीला जाईल, तेव्हा कुत्रा नऊ वर्षांचा, सांधे धरलेला, जास्त वेळ मागणारा असेल. तेव्हा कुत्रा आणताना तो आपला, मोठ्या माणसांचा, असं धरूनच आणायचा. मुलांना त्यांच्या वयाचं काम नेमून द्या: पाणी बदलणं, ब्रश करणं, शाळेतून आल्यावर बागेत पाच मिनिटं बॉल. आणि फ्रिजवर एक कागद लावा. त्यावर ‘सकाळचं फिरणं’ एवढंच लिहून चालत नाही, पुढे नाव लिहा. नाव नसलेलं काम आपल्या घरांमध्ये कुणाच्या गळ्यात पडतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तिला आधीच पुष्कळ कामं आहेत.

आणि आता ज्यासाठी आज हा विषय घेतला ते सांगते. आपले आई-बाबा येतात. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येतं, आणि पुष्कळजण एप्रिल-मेमध्ये येऊन थंडीच्या आधी परततात. पहिल्या आठवड्यात आजी म्हणते, ‘त्याला माझ्याजवळ आणू नका हं.’ तिसऱ्या आठवड्यात तो तिच्या पायाशी झोपतो. दुपारी घरात दोघंच. ती पोथी वाचते, तो ऐकतो. आजोबा त्याला घेऊन दिवसातून तीनदा बाहेर जातात, त्या निमित्ताने शेजारच्या इंग्रज आजोबांशी त्यांची ओळख होते. वर्षानुवर्षं आपली झालेली नसते ती. सगळ्यांचंच बरं चालतं. आपण डॉग वॉकरला नको म्हणून सांगतो, पैसे वाचतात. मग ऑक्टोबरात एका पहाटे बॅगा गाडीत जातात, आणि कुत्र्याच्या दिवसातले आठ तास त्याच गाडीतून विमानतळावर जातात.

त्याला कुणी सांगू शकत नाही की आजी पुण्याला गेली. तो तिच्या खोलीच्या दाराशी बसतो. काही कुत्रे खाणं सोडतात, काही घरात शू करायला लागतात, आणि आपण म्हणतो, एवढा शहाणा होता, बिघडला. तिकडे आजीचीही दुपार रिकामी झालेली असते. व्हिडिओ कॉलवर ती पहिल्यांदा त्याचीच चौकशी करते.

यावर उपाय आहे, पण तो त्यांच्या जाण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करावा लागतो. आई-बाबा असतानाच त्याला रोज थोडा वेळ एकटं ठेवायचं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग ते दोघं देवळात नाहीतर लायब्ररीत जाऊन येतील तेवढा वेळ. वॉकर पुन्हा लावायचा असेल तर तोही तेव्हापासूनच, म्हणजे नवा माणूस आणि गेलेली आजी हे दोन्ही धक्के एकाच दिवशी बसणार नाहीत. आजीची एक जुनी, न धुतलेली शाल त्याच्या अंथरुणात ठेवली तर पुष्कळ कुत्र्यांना बरं वाटतं. आणि आजोबांच्या हातात जोरात ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा देताना निसरड्या फुटपाथचा विचार करा. ओढ कमी करणारा, छातीपुढे कडी असलेला हार्नेस घ्या.

खाण्याचंही याच्याशी नातं आहे. जिथे वेळ कमी पडतो तिथे आपण खाऊ देतो, मुलांनाही आणि कुत्र्यालाही. आजीचं प्रेम तर ताटातूनच येतं. शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. थोड्या बेदाण्यांनीही होऊ शकतं. कांदा-लसणामुळे त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे आपली बहुतेक भाजी बाद. चॉकलेट तर नकोच. असं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता व्हेटला फोन करा. आजीला द्यायचंच असेल तर गाजराचा तुकडा, न फोडणी दिलेला साधा भात. ती म्हणेल, ‘हे काय बेचव!’ त्याला चालतं.

डिसेंबरात चार आठवडे भारतात जाणाऱ्यांनी कुत्र्याची सोय अजून केली नसेल तर याच आठवड्यात फोन करा. ख्रिसमसच्या जागा लवकर भरतात. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन कुत्री ठेवणाऱ्याकडे, मग ते केनेल असो की कुणाचं घर, काउन्सिलचा परवाना लागतो. त्यावर एक ते पाच तारे असतात. तो बघायला मागा, चांगली माणसं आपणहून दाखवतात. लसीकरणाचं कार्डही तयार ठेवा, ते विचारतातच. आणि चार आठवड्यांआधी एक रात्र तिथे राहायला सोडून बघा.

शेवटी या रविवारचं. घड्याळं एक तास मागे जाणार आहेत. आपल्याला एक तास झोप जास्त. कुत्र्याच्या पोटातलं घड्याळ मात्र कुणी मागे केलेलं नसतं, तो पहाटे पाचलाच उठवेल. आजपासून त्याचं खाणं आणि फिरणं रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलत न्या, म्हणजे रविवारपर्यंत बराचसा जुळेल. डिसेंबरात चारच्या सुमारासच अंधारून येतं, तेव्हा त्याच्या गळपट्ट्याला छोटा दिवा आणि तुमच्या अंगात चमकणारी जाकीट, दोन्ही आत्ताच काढून दाराशी टांगून ठेवा. गळपट्ट्यावरच्या बिल्ल्यावर तुमचं नाव-पत्ता आहे ना, आणि घर बदललं असेल तर चिपच्या नोंदीतला पत्ता बदललाय ना, तेही बघून घ्या. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून दाराच्या फटीतून निसटणारे कुत्रे दरवर्षी असतात.

पुढच्या आठवड्यात भेटू.