मालदांडीच्या मापाने दोनशे रुपये

(सात रस्ता, सोलापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



पेन्शनचा विषय काढला की आपल्यातलेच काहीजण नाक मुरडतात. मालाला भाव द्या, अनुदान नको, असे म्हणतात. भाव मिळालाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण भाव मिळतो तो ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला. जिने चाळीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपले, तिच्याकडे विकायला काय आहे? सातबारा पोरांच्या नावावर करून ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे तरी काय आहे?

केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 ला राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. म्हाताऱ्या माणसाला महिन्याला 75 रुपये. 2006 साली त्याचे 200 झाले. 2011 साली 80 वर्षांवरच्यांना 500 केले, खालच्यांचे 200 तसेच राहिले. 2025-26 च्या अंदाजपत्रकातही ते 200 च होते.

मी शेतकी शिकलेला माणूस. मला रुपयापेक्षा किलोत लवकर कळते. 2007-08 साली मालदांडी ज्वारीची सरकारी आधारभूत किंमत क्विंटलला 620 रुपये होती. म्हणजे 200 रुपयांत 32 किलो ज्वारी. 2025-26 साली त्याच मालदांडीची किंमत सरकारनेच 3749 रुपये ठरवली. त्या साली 200 रुपयांत सव्वापाच किलो. बाजारभाव सोडा, हा सरकारच्या स्वतःच्या कागदावरचा हिशोब आहे. म्हातारीच्या महिन्यातली सत्तावीस किलो ज्वारी गेली, आणि त्यासाठी कोणाला एक आदेशसुद्धा काढावा लागला नाही. नुसते गप्प बसले की झाले.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर 1500 मिळतात. खरे आहे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची रक्कम राज्याने 2023 साली 1000 वरून 1500 केली. पण दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्याच्या 1500 मध्ये दिल्लीचे 200 धरलेले असतात, बाकीचे मुंबई घालते. शिवाय रक्कम वाढवली तेव्हा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयेच ठेवली. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 312 रुपये होती. अडुसष्ट दिवस कामावर गेले की 21,000 ओलांडले. त्या साली सरकारच शंभर दिवस कामाची हमी देत होते, आणि ते शंभर दिवस पोरगा कामावर गेला तर आईचे उत्पन्न जास्त झाले म्हणत होते! तहसीलला उत्पन्नाच्या दाखल्यात खोटे लिहावे लागते ते यामुळे. खोटे बोलणारी ती म्हातारी नव्हे, अट खोटी आहे.

मग संसद काय करते? करते, आणि हे नीट ऐका. 1993 पासून खात्यांवर नजर ठेवायला संसदेच्या स्थायी समित्या आहेत. सभागृहात बऱ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय एका दमात मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. ग्रामविकास खात्याचा पैसा बारकाईने कोणी तपासत असेल तर ती समितीच. 2019 ते 2022 बुलढाण्याचे प्रतापराव जाधव तिचे अध्यक्ष होते, त्यांच्यानंतर द्रमुकच्या कनिमोळी, 2024 पासून काँग्रेसचे सप्तगिरी उलाका. तीन पक्ष, पण ही रक्कम फार तुटपुंजी आहे, वाढवा, हे म्हणणे तिघांच्याही काळात अहवालांत आले. सरकार कारवाईचा अहवाल पाठवते, कारण तो पाठवावाच लागतो. शिफारस मान्य करणे मात्र बंधनकारक नाही. 2024-25 ला या कार्यक्रमासाठी 9652 कोटी होते, 2025-26 लाही 9652 कोटीच.

आता याच संसदेचा दुसरा कागद बघा. 2018 च्या वित्त कायद्याने खासदारांचे पगार आणि पेन्शन महागाईच्या निर्देशांकाला बांधले. दर पाच वर्षांनी आपोआप वाढ. त्याप्रमाणे मार्च 2025 मध्ये माजी खासदाराची पेन्शन 25,000 वरून 31,000 झाली, तीही 1 एप्रिल 2023 पासून. खासदारांनी घेऊ नये असे मी म्हणत नाही. महागाई त्यांनाही असते. पण निर्देशांक लावायची युक्ती त्यांना ठाऊक आहे एवढे तरी यावरून कळते, आणि मग ती 200 रुपयांना लावायला काय हरकत आहे, हा प्रश्न उरतो.

शेतकऱ्यांसाठी म्हणून 2019 साली किसान मानधन योजना आली. वयाची अट 18 ते 40, हप्ता भरा, साठीनंतर 3000 घ्या. आज जो साठीला आला आहे त्याला त्यात जागाच नाही. तिच्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवत नाही.

सोलापूरच्या विडी कामगार बायांना आणि गिरणीतून निवृत्त झालेल्यांना एक गोष्ट माहीत असेल. कर्मचारी पेन्शन योजनेत शेकडो रुपयांवर बोळवण होत होती. राज्यसभेच्या याचिका समितीपुढे प्रकरण गेले. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष होते, हेच पुढे आपले राज्यपाल झाले. 2013 साली समितीने किमान 3000 ची शिफारस केली. सप्टेंबर 2014 पासून किमान 1000 मिळू लागले. मागितल्याच्या एक तृतीयांश. पण याचिकेआधी तेवढेही नव्हते.

तो रस्ता आपल्यालाही खुला आहे. लोकसभेत याचिका द्यायची तर तिच्यावर एका खासदाराची सही लागते. मजकूर मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचे. आपला जिल्हा तीन मतदारसंघांत विभागला आहे: सोलापूर, माढा, आणि बार्शी तालुका धाराशिवकडे. तिन्ही खासदारांकडे जायचे. मागण्या दोनच ठेवू. केंद्राची रक्कम निर्देशांकाला जोडा, आणि समितीच्या शिफारशीला नकार द्यायचा असेल तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून कारण सांगावे. 21,000 च्या अटीसाठी निवेदन वेगळे, ते राज्याकडे.

नुसत्या सह्यांनी भागणार नाही. आपापल्या गावात ज्यांचे अर्ज उत्पन्नाच्या कारणाने नामंजूर झाले, त्यांच्या नामंजुरीच्या पत्राची झेरॉक्स घ्या. मूळ कागद कोणाकडूनही घेऊ नका, म्हातारी माणसे कागदाच्या काळजीने झोपत नाहीत. प्रती पुढच्या जिल्हा बैठकीला तालुकावार गठ्ठे करून आणा.