गुरूविण शिकलेले सूर
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही जन्मभर शाळेत शिकविले. तेव्हा परीक्षेतील यशाविषयी आम्ही बोलावे, अशीच आपली अपेक्षा असणार. परंतु जिची परीक्षा नाही आणि जी शिकविण्यास मास्तर नाही, अशा एका विद्येविषयी आज बोलावे असे मनात आहे. ती विद्या म्हणजे आपले आपण शिकलेले गाणे.

आमचे बालपण कृष्णाकाठी गेले. मारुतीच्या देवळात भजनी मंडळाची एक जुनी पेटी होती. मंडळी शेतावर गेली, की आम्ही पुजाऱ्यास पाणी भरून देत असू आणि त्या मोबदल्यात घटकाभर पेटी मिळवीत असू. डावा हात भात्यावर आणि उजव्या हाताचे एकच बोट पट्ट्यांवर! रात्री ऐकलेला अभंग दुपारी त्या एका बोटाने हुडकीत बसावयाचे. चुकीची पट्टी दाबली, की कानच सांगे, 'हे नव्हे.' एक ओळ सापडण्यास कधी आठ दिवस लागत. परंतु सापडलेली ओळ पुन्हा विसरली नाही. पुढे एका जाणकाराने अंगठाही वापरावयाचा असतो असे सांगितले, तोवर बोटांस लागलेले वळण पक्के झाले होते. तो अंगठा आजतागायत सुधारला नाही. स्वतः शिकण्याचा लाभ आणि तोटा, दोन्ही यात आले.

मग गीते रचण्याचा नाद लागला. ठाऊक असलेल्या अभंगाच्या किंवा ओवीच्या चालीत आपले शब्द बसवावयाचे. अक्षरे मोजली तर नेमकी भरत. पण गाऊ लागले, की सूर लांबावयाचा तेथे आखूड अक्षर येई आणि शब्द मोडून पडे. कागदावरची कविता आणि गळ्यातले गीत यांतील भेद आम्हांस कोणत्याही पुस्तकाने नव्हे, त्या पेटीने शिकविला. सांगलीस 1963 साली आकाशवाणीचे केंद्र झाले होते. तेथून आमचे गीत कधीतरी ऐकू यावे, हे आमचे स्वप्न! एके दिवशी वही वडिलांच्या हाती पडली. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "पेटीवर भाकरी भाजत नाही." त्यांचे खोटे नव्हते, घरात खाणारी तोंडे सात होती. वही माळ्यावर गेली आणि आम्ही मास्तर झालो.

असो. आमची गोष्ट लहान आहे. परंतु याच मातीत केवढी मोठी माणसे आपली आपण गाणे शिकली, ते पाहावे. 1949 पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यातील वाळवा तालुक्यात, रेठरे हरणाक्ष गावी, 1866 साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. जात्यावरच्या ओव्या ऐकत ते वाढले, पुढे तमाशात शिरून पठ्ठे बापूराव झाले आणि त्यापायी स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला. 1945 साली पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा पदरी दारिद्र्यच होते. त्याच तालुक्यातील वाटेगावी 1920 साली अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळा म्हणावी तर दीड दिवसाची. परंतु गावच्या तमाशाने त्यांस घडविले आणि 1944 साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे लहानपणीच बासरी वाजवू लागले. त्यांचे शिक्षण अमळनेरास सातवीत सुटले. त्यांनी गाइलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झाले. आणि शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर तर मॅट्रिकला नापास! त्यांच्या 'गीतरामायणा'ची 56 गीते 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. आम्ही ती परीक्षा उत्तीर्ण झालो; एवढ्या एकाच बाबतीत आम्ही त्यांच्या पुढे आहोत.

या मंडळींस गुरू नव्हता असे आपण म्हणतो. आम्हांस वाटते, गुरू पुष्कळ होते. त्यांनी फी मागितली नाही, इतकेच. जाते, देवळातले भजन, जत्रेतला फड या त्यांच्या शाळा होत्या. त्यांतील जाते आता घरातून गेले. आजचे मूल मोबाइलवरून सूर उचलते. मात्र त्याचे गाणे ऐकून 'येथे चुकलास' किंवा 'हे छान झाले' म्हणणारे माणूस जवळ नसते.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. मास्तर असताना एका मुलाच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर आम्हांस गीत आढळले. आम्ही ते वर्गात मोठ्याने वाचले, मुले हसली आणि ते पान आम्ही फाडले. आमच्या वडिलांनी निदान आमची वही फाडली नव्हती. तो मुलगा आज चांगला संसारी गृहस्थ आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो. गाण्याचा विषय तो काढीत नाही, आणि काढण्याचा धीर आम्हांस होत नाही. त्या गीतातील शब्द कसे होते, हे मात्र आम्हांस ठाऊक आहे. ते चांगले होते.

म्हणून एक विनंती. गुणवंत विद्यार्थ्यांस आपण दरवर्षी पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्याचबरोबर समाजमंदिरात एक पेटी व एक तबलाजोडी ठेवावी. ती कुलुपात नसावी. संध्याकाळी मुलामुलींच्या हाती असावी. महिन्यातून एकदा चार वडीलधाऱ्यांनी बसून त्यांचे ऐकावे. प्रत्येक घरातून शाहीर निघणार नाही, आणि पेटीवर भाकरी आजही भाजत नाही. परंतु नोकरी-शेती करूनही माणूस गाऊ शकतो, हे आम्हांस फार उशिरा उमगले. मुलांस ते वेळेवर कळावे. थोर झालेल्या माणसाची तसबीर लावण्यास सारेच पुढे येतात. तो एका बोटाने सूर हुडकीत असतो, तेव्हा त्याच्याजवळ कोणी बसावयास हवे.

पहिली पेटी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. अंगठा कसा धरावा, हे शिकविणारा मात्र दुसरा पाहावा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!