फरशी धुण्याचं यंत्र : रोजची दहा-पंधरा मिनिटं

ज्या बचत गटांनी दवाखाना, शाळा किंवा मंगल कार्यालयाच्या सफाईचं काम घेतलंय, त्यांच्यासाठी आजची माहिती आहे. बॅटरीवर चालणारं फरशी धुण्याचं यंत्र असलं की ओणवं होऊन फरशी पुसायचे कष्ट वाचतात. पण यंत्र बंद पडलं की बादली पुन्हा हातात येते आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. यात बॅटरी बदलणं फार महागात पडतं, आणि बॅटरी बरेचदा हयगयीनेच लवकर जाते.

काम संपलं की आधी घाण पाण्याची टाकी रिकामी करा, आतून धुवा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. झाकण लावून ठेवलं तर वास मारतो. यंत्र बंद करून ब्रश काढा, त्यात गुंतलेले केस, दोरे सोडवा. पाणी ओढणारं मागचं रबर ओल्या फडक्याने पुसा. रबराची कड झिजली की फरशीवर पाण्याचे ओघळ राहतात. बऱ्याच यंत्रांत ते उलटून दुसरी कड वापरता येते. साबण कमी फेसाचाच घ्या, फेस पाणी ओढणाऱ्या मोटरपर्यंत गेला तर मोटर बिघडते.

आता बॅटरी. काम झालं की ती त्याच दिवशी चार्जिंगला लावा आणि पूर्ण भरू द्या. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर प्लेटांवर कठीण थर धरतो आणि तिची ताकद कमी होते.

तुमची बॅटरी पाणी घालायची आहे का, हे आधी माहितीपुस्तिकेत बघा. सीलबंद आणि लिथियमच्या बॅटरीत पाणी घालायचं नसतं, ती उघडूच नका. पाण्याच्या बॅटरीत २ व्होल्टचा एक कप्पा असतो. म्हणजे २४ व्होल्टच्या यंत्रात १२ कप्पे, आणि बाराही बघायचे. घरच्या इन्व्हर्टरला घालतो तेच डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं किंवा नळाचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. वरून ॲसिडही घालायचं नाही.

पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं. चार्ज होताना आतलं पाणी फुगतं, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा.

मैत्रिणींनो, चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेच्या खोलीत करा. जवळ चूल, उदबत्ती, विडी-काडी नको. झाकणं उघडण्याआधी चार्जर बंद करा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढा, मंगळसूत्र पदराआड खोचा. दोन टोकांना धातू एकदम टेकला तर ठिणगी उडते, हात भाजतो. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा. डोळ्यात गेलं तर धुऊन थेट दवाखाना गाठा.

ही कामं एकीच्याच गळ्यात घालू नका. पाळ्या लावा, वहीत तारीख आणि सही ठेवा. आठवड्यातून एक वार पाणी बघण्यासाठी ठरवून टाका. यंत्र सगळ्यांचं आहे, तर त्याची निगाही सगळ्यांना यायला हवी.